तैशोचे विसावे वर्ष

जपानी भाषेच्या वर्गात आम्हाला पहिल्याच काही महिन्यांत एक छोटा हिशेब शिकवला होता. जपानी वर्ष इसवी सनात बदलायचे असेल, तर मेइजीच्या आकड्यात 1867 मिळवायचे, तैशोच्या आकड्यात 1911 आणि शोवाच्या आकड्यात 1925. या बेरजेबरोबर प्रत्येक कालखंडाची मर्यादाही पाठ करावी लागे. मेइजी 45 पर्यंत, तैशो 15 पर्यंत, शोवा 64 पर्यंत. माझ्या त्या वहीत तैशोच्या 15 भोवती लाल शाईचे वर्तुळ आहे, कारण चाचणीत मी ती मर्यादा ओलांडून उत्तर लिहिले होते आणि सेन्सेईंनी वही परत देताना वर्तुळावर बोट ठेवून एवढेच म्हटले होते, "याच्या पुढे तैशो नाही." त्यामुळे पुढे कित्येक वर्षांनी एका व्हिडिओ गेमची कथा तैशो 20 मध्ये घडते हे कळले, तेव्हा माझे पहिले लक्ष नायकाकडे, त्याच्या तलवारीकडे किंवा त्याच्या काळ्या मांजराकडे गेलेच नाही. मनातल्या मनात 20 मध्ये 1911 मिळवून मी 1931 या उत्तराशी आले आणि तिथेच थांबले.

मेइजी काळापासून जपानमध्ये एका सम्राटाच्या कारकिर्दीला एकच कालनाम असते. आपल्याकडे शिवाजी महाराजांनी 1674 मध्ये राज्याभिषेक शक सुरू केला तेव्हा वर्षांची मोजणी एका राज्यारोहणाशी बांधली गेली होती. जपानमध्ये मात्र ही गाठ प्रत्येक नव्या सम्राटाबरोबर नव्याने बांधली जाते आणि जुनी सुटते. तैशो सम्राटांचा मृत्यू 25 डिसेंबर 1926 रोजी झाला, त्याच दिवशी शोवा सुरू झाले आणि शोवाचे पहिले वर्ष अवघे सात दिवसांचे ठरले. म्हणजे तैशो 16 नावाची पहाट कोणी पाहिली नाही, मग तैशो 20 ची गोष्टच दूर. खेळ रचणाऱ्यांनी इतिहासातली ही एकच गाठ सुटू दिलेली नाही. त्यांनी सम्राटाच्या मृत्यूचा दिवस जणू कॅलेंडरमधून काढून घेतला आणि राजधानी टोकियोला आणखी काही वर्षे त्याच नावाखाली जगू दिले.

हा खेळ म्हणजे अ‍ॅटलस या कंपनीने 2006 साली प्लेस्टेशन 2 साठी काढलेला 'डेव्हिल समनर : कुझुनोहा राइदो'. त्याचा पुढचा भाग 2008 मध्ये आला आणि पहिल्याच भागाची नव्याने घडवलेली आवृत्ती जून 2025 मध्ये प्रसिद्ध झाली. मी या वेळी खेळले ती हीच नवी आवृत्ती, जपानी संवादांसह. मूळ खेळात चित्रासारखी स्थिर पार्श्वभूमी आणि एकाच कोनात खिळलेला कॅमेरा होता, त्यामुळे रस्त्यावरून चालताना आपण एखाद्या जुन्या पोस्टकार्डात वावरतो आहोत असे वाटे. नव्या आवृत्तीत मान वळवून आजूबाजूला पाहता येते, लढाई अधिक चपळ झाली आहे आणि एकाऐवजी दोन साथीदार घेऊन फिरता येते. मला दोन्ही रूपे प्रिय आहेत, तरी जुन्या रूपातली ती स्तब्धता नव्यात थोडी हरवली आहे हे मान्य करावे लागते.

कथानायक कुझुनोहा राइदो हा चौदावा. राइदो ही पदवी आहे, पिढ्यान्‌पिढ्या राजधानीचे रक्षण करणाऱ्याला मिळणारी. त्याला नेमणारी गुप्त संस्था 'यातागारासु' या नावाने ओळखली जाते, आणि हे नाव जिम्मू सम्राटाला कुमानोच्या डोंगरांतून यामातोपर्यंत वाट दाखवणाऱ्या पुराणातल्या कावळ्याचे आहे. जपानच्या फुटबॉल संघाच्या छातीवर आजही तोच तीन पायांचा कावळा असतो. दिवसा राइदो त्सुकुदो-चो भागातल्या नारुमी गुप्तहेर कार्यालयात उमेदवारी करतो. अंगात काळा विद्यार्थी-गणवेश, डोक्यावर टोपी, खांद्यावर पायघोळ केप, कमरेला तलवार आणि पिस्तूल, सोबत गोउतो नावाचे बोलणारे मांजर. हे रूप काझुमा कानेको यांच्या रेखाटनातून उतरलेले आहे आणि मला ते अतिशय विचारपूर्वक निवडलेले वाटते. त्या काळातल्या उच्च शाळांचे विद्यार्थी खरोखरच गणवेशावर केप पांघरून हिंडत. म्हणजे गर्दीत उठून दिसावा असा पोशाख नायकाला दिलेला नाही, तो गर्दीतच विरघळतो.

कथेची सुरुवात एका टेलिफोनने होते. दाइदोजी या प्रतिष्ठित घराण्यातली काया ही शाळकरी मुलगी गुप्तहेर कार्यालयाला भेटायला बोलावते आणि राइदोजवळ एकच मागणी करते, की मला ठार मारा. तिचे म्हणणे नीट ऐकून घेण्याआधीच लाल वस्त्रांतली माणसे येऊन तिला उचलून नेतात. शोध मुलीचा असतो, पण शोधत शोधत वाट सैन्याच्या दारापर्यंत जाते. एवढ्यावरच मी कथा सोडते, कारण जे खेळणार आहेत त्यांचा आनंद हिरावून घेण्याची माझी इच्छा नाही. मला सांगायचे आहे ते त्या वाटेवर चालण्याबद्दल.

राइदोच्या छातीवरच्या पट्ट्यात बारीक नळ्या खोवलेल्या असतात आणि प्रत्येक नळीत एक अमानवी साथीदार राहतो. नळी उघडली की तो बाहेर येतो आणि मग भर रस्त्यातून राइदोच्या सोबत चालू लागतो, पण येणाऱ्या-जाणाऱ्यांना तो दिसत नाही. लढाईत तो साथ देतो, हे अशा खेळांत नेहमीचेच झाले. माझे मन गुंतले ते लढाईबाहेरच्या त्याच्या कामात. कुणाला उडता येते, तो वरून पाहून येतो. कुणी अशक्य जागी शिरतो. कुणाला समोरच्याच्या मनातले वाचता येते. एखादा दुकानदार तोंडाने "मला काही ठाऊक नाही" म्हणतो, साथीदार त्याच्या कानाशी तरंगत उभा राहतो आणि त्याच्या मनातली भीती आपल्याला वाचायला मिळते. मी कथेला गरज नसतानाही हे करत राहिले. ट्रामची वाट पाहणारी बाई, पुलावर उभा असलेला शिपाई, खेळणारी मुले, असे ज्याच्याजवळ थांबता येईल त्याच्याजवळ थांबून मी त्याच्या मनात डोकावून पाहिले. बहुतेकांच्या मनात काही विशेष नसते. रात्रीचे जेवण, उधारी, एखादे प्रेम. पण या साध्या विचारांमधूनच ते शहर मला जिवंत वाटू लागले, आणि ज्या शहराचे वर्षच अस्तित्वात नव्हते त्यातल्या माणसांची मला काळजी वाटू लागली.

या नळ्यांना जपानी लोककथेत आधार आहे. बांबूच्या नळीत मावणाऱ्या एका लहान कोल्ह्याची, कुदा-गित्सुनेची, समजूत मध्य जपानच्या खेड्यांत पूर्वीपासून आहे. तो ज्याच्या घरी असेल त्याला गुप्त गोष्टी कळतात, असे म्हणत. नायकाचे कुलनामही कोल्ह्याशीच बांधलेले आहे. कुझुनोहा ही शिनोदाच्या रानातली पांढरी कोल्हीण. शिकाऱ्यांपासून तिला वाचवताना जखमी झालेल्या आबे नो यासुनाच्या घरी ती स्त्रीरूपाने आली, त्याची बायको झाली, त्यांना मुलगा झाला आणि एके दिवशी फुले पाहण्यात दंग असताना तिची शेपटी दिसली. ओळख उघड झाल्यावर तिला जाणे भाग होते. तिने सरकत्या कागदी दारावर निरोपाची कविता लिहिली आणि ती रानात परतली. 1734 मध्ये ओसाकाच्या बाहुली-रंगभूमीवर ही कथा आली आणि पुढे काबुकी नाट्यप्रकारातही गेली. तिथे मूल कडेवर असल्यामुळे ती कोल्हीण कुंचला दातांत धरून उरलेली अक्षरे लिहिते, आणि हे दृश्य पाहणाऱ्यांचे डोळे आजही भरून येतात. तिचा तो मुलगा म्हणजे दहाव्या शतकात राजदरबारी गाजलेला ज्योतिषी आणि मांत्रिक आबे नो सेइमेई. राइदोचे कुलनाम मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हे सगळे आठवले. दोन जगांत एक-एक पाय ठेवून उभ्या असलेल्या आईचे नाव हा मुलगा चालवतो आहे.

आणि हा धागा जरा ओढला की तो आपल्या दारापर्यंत येतो. जपानमध्ये कोल्ह्यावर बसलेली एक देवता आहे, दाकिनीतेन. ती म्हणजे आपली डाकिनी. बौद्ध तंत्राबरोबर ती चीनमार्गे जपानला गेली, तिथे तिला पांढरा कोल्हा वाहन म्हणून मिळाला आणि काही ठिकाणी ती भातपिकाच्या इनारी देवतेत मिसळून गेली. खेळात या अमानवी साथीदारांना 'आकुमा' म्हणतात. इंग्रजी भाषांतरातला डेव्हिल हा शब्द वाचून मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे सैतान उभा राहतो आणि तिथे फसगत होते. आकुमामधले 'मा' हे अक्षर चीनमध्ये घडवले गेले ते संस्कृतातला 'मार' हा शब्द लिहिण्यासाठी, म्हणजे बोधिवृक्षाखाली बुद्धाची तपस्या मोडायला आलेला तोच मार. या मालिकेत, जिची सुरुवात 1987 मध्ये 'मेगामी तेन्सेई' नावाने झाली, आकुमा या एका शब्दाखाली देव, यक्ष, राक्षस, पऱ्या, पिशाच्चे, देवदूत असे सगळेच येतात. शिव, काली, गरुड आणि हनुमान हेही तिच्या निरनिराळ्या भागांत भेटतात. आपल्या देवांना अशा यादीत पाहून काहींना वाईट वाटते आणि त्यांची ती भावना मला समजते. मला स्वतःला मात्र त्यात अनादर जाणवला नाही, कारण त्या यादीत बसलेल्या कोणालाच खेळ हलके लेखत नाही.

माझे आजोळ वेंगुर्ल्याजवळचे. आरवलीच्या वेतोबाला नवसाचे भलेमोठे चामडी जोडे वाहतात आणि तो ते घालून रात्री गावाची राखण करत हिंडतो म्हणून ते झिजतात, हे मला अक्षरओळख होण्याआधी माहीत होते. वेताळ हा भुतांचा राजा, तरीही आजी त्याचे नाव घेताना हात जोडत असे. भूत आणि देव यांच्यामध्ये तिने कधी भिंत पाहिली नाही, दोघांचीही वाट गावातूनच जाते असे ती मानत असे. त्यामुळे राइदो अंधाऱ्या गल्लीतून जाताना त्याच्या पुढे चार पावले एक न दिसणारी सावली चालते आहे, हे मला परके वाटले नाही. फक्त आमच्याकडे राखणदाराला कोणी नळीत ठेवत नाही, त्याला जोडे देतात. हा फरक मला खेळभर खुपत राहिला. साथीदाराशी जितके जास्त फिरावे तितकी त्याची निष्ठा वाढते, आणि मग तळघरातल्या प्रयोगशाळेत नेऊन दोन साथीदारांना एकत्र ओतून एक नवा, अधिक बलवान जीव घडवायचा असतो. खेळाचे गणितच तसे आहे, ते केल्यावाचून पुढे जाता येत नाही. माझ्यासाठी पहिल्या काही तासांत मने वाचून देणाऱ्या एका चिमुकल्या साथीदाराला मी शेवटपर्यंत तसेच ठेवले. त्याचा लढाईत काही उपयोग उरला नव्हता.

आता त्या वर्षाकडे परत येते. तैशो म्हटले की जपानी मनात एक विशिष्ट हळवी छटा उमटते. किमोनोवर घातलेले बूट, कॅफे, ग्रामोफोन, आखूड केसांच्या आधुनिक तरुणी, गिन्झाचे दिवे, वर्तमानपत्रांचा बहर, राजकीय पक्षांची सरकारे. 1925 मध्ये 25 वर्षांवरील सर्व पुरुषांना मतदानाचा हक्क देणारा कायदा झाला. पण त्याच वर्षी विचारांवर पाळत ठेवणारा शांतता-संरक्षण कायदाही झाला, आणि दोन्ही एकाच संसदेतून झाले, ही गोष्ट मी कधी विसरू शकत नाही. त्याआधी दोन वर्षे, 1 सप्टेंबर 1923 रोजी दुपारच्या जेवणाच्या वेळेला, चुली पेटलेल्या असताना कांतोचा भूकंप झाला आणि एक लाखाहून अधिक माणसे गेली, त्यांतली बहुतेक आगीत. त्या गोंधळात कोरियन लोक विहिरींत विष घालत असल्याची अफवा उठली आणि टोळ्यांनी, काही ठिकाणी पोलीस आणि सैनिकांनीही, हजारो कोरियन माणसांना ठार मारले. ग्रामोफोन वाजत होता तेच हे शहर आणि तीच ही माणसे.

म्हणून या खेळाच्या शत्रूच्या नावावर मी फार वेळ थांबले. जपानी शीर्षकात त्या सैन्याला 'चोरिकी हेइदान' म्हटले आहे, म्हणजे अतिबलाची पलटण. इंग्रजी शीर्षकात त्याचेच 'आत्मा नसलेले सैन्य' झाले. भाषांतर म्हणून पाहिले तर हे दोन शब्द एकमेकांच्या जवळपासही नाहीत. तरीही मला वाटते की भाषांतरकाराला मूळ वस्तू नीट दिसली होती. सैन्य स्वतःकडे पाहते तेव्हा त्याला बळ दिसते, आणि रस्त्यावरून त्याच्याकडे पाहणाऱ्या माणसाला त्यातून काय काढून घेतले गेले आहे ते दिसते. खऱ्या 1931 मध्ये मार्चमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये लष्करी अधिकाऱ्यांच्या एका गटाने सत्ता बळकावण्याचे बेत आखले होते, ते फसले. 18 सप्टेंबरला चीनमधल्या मुकदेन शहराजवळ, तिथे असलेल्या जपानी क्वांतुंग सैन्याच्या अधिकाऱ्यांनी स्वतःच्याच देशाच्या रेल्वेमार्गावर स्फोट घडवला, त्याचा आळ चिनी सैनिकांवर टाकला आणि मांचुरिया घेतला. पुढच्या वर्षी मे महिन्यात नौदलाच्या तरुण अधिकाऱ्यांनी पंतप्रधान इनुकाई यांना त्यांच्या निवासस्थानी गोळ्या घातल्या. पक्षांची सरकारे तिथे संपली.

इथे खेळाबद्दल माझी एक तक्रार आहे आणि ती मी प्रेमापोटीच करते. कथेत लष्करातल्या मोठ्या अधिकाऱ्याच्या कृत्यांमागे एक अमानवी शक्ती निघते, पुढे तर धागेदोरे आणखी दूर, दुसऱ्याच काळाकडे जातात. गुप्तहेराच्या कथेत गूढाला उत्तर हवे आणि आकुमांच्या कथेत ते उत्तर आकुमाच असणार, हे मला कळते. पण मुकदेनजवळ सुरुंग लावणाऱ्यांच्या अंगात कोणी शिरले नव्हते. ते शुद्धीवर होते, नकाशे पाहत होते आणि आपण देशाचे भले करतो आहोत अशी त्यांची खात्री होती. राइदोच्या साथीदाराने त्यांची मने वाचली असती तर तिथेही बहुधा रात्रीचे जेवणच सापडले असते. खेळ या जागेच्या अगदी जवळ येतो आणि मग वळतो. तो वळला नसता तर मी त्याला आणखी वरच्या फळीवर ठेवले असते.

तरीही त्याने मला एक जागा दिली, जी इतिहासाच्या कोणत्याही पाठात मिळाली नव्हती. खेळातल्या शहराला एक जुळे शहर आहे. तेच रस्ते, तीच वळणे, तेच पूल, पण आकाश वेगळे आणि माणूस एकही नाही. त्याला 'इकाइ', म्हणजे दुसरे जग, म्हणतात आणि तिथे आकुमा मोकळे फिरतात. गिन्झाचे असे रूप पाहून मला फारसे काही वाटले नाही. फुकागावाचे पाहिले तेव्हा मात्र हातातले बटण सुटले. फुकागावा म्हणजे सुमिदा नदीच्या पूर्वेचा सखल भाग, कालव्यांचा, लाकडाच्या वखारींचा, हातावर पोट असलेल्या माणसांचा. खेळात तिथे आरडाओरडा असतो, टोळीवाले असतात, सार्वजनिक स्नानगृह असते. त्या वस्तीत अर्धा तास घालवून मी दुसऱ्या बाजूला गेले आणि तोच रस्ता रिकामा होता. घरे उभी होती, दारे होती, कोणी नव्हते.

फुकागावा 1923 मध्ये जळले होते, त्यानंतर पुन्हा बांधले गेले. 10 मार्च 1945 च्या पहाटेआधी अमेरिकी विमानांनी टाकलेल्या बॉम्बनी ते पुन्हा जळले आणि नदीच्या आसपासच्या वस्त्यांत त्या एका रात्रीत सुमारे एक लाख माणसे मेली. तैशो 20 हे वर्ष या दोन आगींच्या मधले, पहिलीनंतर आठ वर्षे आणि दुसरीच्या आधी चौदा. नारुमीचे कार्यालय, कायाची शाळा, वखारीतली मुले हे सगळे त्या चौदा वर्षांच्या अलीकडच्या काठावर उभे आहेत आणि त्यांच्यापैकी कोणालाही ते ठाऊक नाही. ठाऊक असते ते फक्त मला, जिच्या हातात कंट्रोलर आहे. मी त्यांची मने वाचू शकत होते आणि त्यांना एक शब्द सांगू शकत नव्हते.

खेळ संपल्यावर काही दिवसांनी मी सेन्सेईंना भेटायला गेले. त्या आता वयाने बऱ्याच थकल्या आहेत, पुण्यातच असतात आणि मराठी माझ्या जपानीपेक्षा चांगले बोलतात. त्यांना असले खेळ माहीत नव्हते. मी त्यांना राइदोबद्दल, नळ्यांबद्दल, कोल्हिणीच्या नावाबद्दल सांगितले, आणि मग ज्यासाठी गेले होते ते विचारले, की तैशो खरेच पुढे चालू राहिले असते तर? त्या रागावतील असे मला वाटले होते, पण त्यांनी चष्मा लावला आणि टेबलावरच्या कॅलेंडरचे जुने पान उलटे करून त्यावर पेन्सिलीने आकडे लिहायला सुरुवात केली. तैशो 16, तैशो 17. ओळीत, वर्गात लिहीत तसे, एकेक आकडा नीट. 20 आल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि लिहिणे चालू ठेवले. 30 नंतर त्यांचा हात सावकाश झाला.

"आमची आई फुकागावाची," त्या म्हणाल्या. हे त्यांनी इतक्या वर्षांत मला कधी सांगितले नव्हते.

मग त्यांनी 34 लिहिले, खाली 1911 मिळवून 1945 असे उत्तर काढले, त्या आकड्याभोवती एक वर्तुळ काढले आणि पेन्सिल कागदाशेजारी ठेवली.